टेबल, लाकडी, सच्छिद्र, नग एक

मी भिंतीत खिळा ठोकायला घेतला तरी बायको आधी शेजाऱ्यांना कल्पना देऊन ठेवते. त्यामुळे मी घरातल्या घरात रेकॉर्डिंग स्टुडिओ उभारणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा तिनं नुसता चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत घातला. आमच्या घरात निषेधाची याहून वरची पायरी नाही.

पण कारण असं होतं, की तिला उघडपणे नाही म्हणता येईना. आत्याच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. स्वरयंत्र काढावं लागेल, जिवाला धोका राहणार नाही, पण आवाज जाईल, असं डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगून टाकलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. आत्या म्हणाली, "बरं. तारीख?" जणू गॅसचा नंबर लावायला आली होती. तारीख अठरा दिवसांनंतरची मिळाली.

आत्या आमच्याकडे राहते. बायकोच्या मते आम्ही आत्याकडे राहतो, आणि घराच्या कागदपत्रांचंही मत तेच आहे. एका मोठ्या कारखान्याच्या कचेरीत ती एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. समोर ओळीनं भोकं असलेला उभा लाकडी बोर्ड, कानाला हेडसेट आणि हातात कॉर्ड. कॉर्ड म्हणजे दोन्ही टोकांना पितळी प्लग असलेली जाड वायर. एक टोक बोलणाऱ्याच्या भोकात, दुसरं ऐकणाऱ्याच्या भोकात, की झालं काम. कारखान्यात तिला ओळीनं उभं केलं असतं तर दहा माणसांनीही ओळखलं नसतं, पण तिचा आवाज माहीत नाही असा माणूस तिथं नव्हता. तोच आवाज आता जाणार होता, आणि तो आमच्याकडे कुठंही साठवलेला नव्हता.

"मोबाईलवर करून टाका की," बायको म्हणाली.

केला होता प्रयत्न. अडचण अशी, की एकतीस वर्षं लोकांच्या बोलण्यावर घड्याळ लावल्यामुळे फोन नावाची वस्तू दिसली की आत्या आखडते. मी मोबाईल तिच्यासमोर धरून म्हणालो, "आत्या, काहीतरी बोल."

"काय काम आहे?"

"काम नाही. असंच."

"मग लाइन अडवू नकोस," असं म्हणून तिनं माझ्याच मोबाईलवरचं लाल बटण दाबलं. एकूण रेकॉर्डिंग अकरा सेकंदांचं, त्यातली चार माझी.

"मग न सांगता ठेवा चालू," बायको म्हणाली. पण मी विमा कंपनीत सव्वीस वर्षं नोकरी केलेला माणूस आहे. सहीशिवाय मी कुणाचं काही घेत नाही. शिवाय आत्याच्या आवाजामागं कायमचा आमच्या वॉशिंग मशीनचा आवाज राहणार, ही कल्पना मला सहन होईना. तेव्हा मी विचार केला (हल्ली 'मी विचार केला' म्हटलं की बायको उठून आत जाते), की आत्या बोलेल तर तिच्या बोर्डासमोर बोलेल. तो बोर्ड आणायचा. माइक, रेकॉर्डर, हेडफोन या सगळ्यांच्या वायरी त्याच भोकांना जोडायच्या. आत्या नेहमीसारखी कॉर्ड लावेल आणि बोलू लागेल. स्टुडिओतही शेवटी काय असतं? भोकं आणि वायरीच असतात.

बोर्ड कारखान्याच्या भांडारात पडून होता, आणि मागेल त्याला द्यायलाही ते तयार होते. मात्र द्यायचं तर आधी त्याचं निर्लेखन व्हायला हवं, म्हणजे वस्तू बाद झाल्याची नोंद. नोंद करायची तर वस्तू यादीत सापडायला हवी. भांडारपालानं दोन दिवस रजिस्टरं चाळली. टेलिफोन खात्यात बोर्ड नव्हता, विजेच्या सामानात नव्हता. शेवटी तो फर्निचरमध्ये सापडला. 'टेबल, लाकडी, सच्छिद्र, नग एक.' कुणा कारकुनानं समोर दिसलं ते इमानदारीनं लिहिलं होतं.

त्याच वर्णनाचा गेटपास मिळाला. गेटवरचा पहारेकरी पास वाचून टेंपोत डोकावला.

"हे टेबल नाही."

"कागदावर टेबल आहे," मी म्हणालो.

"टेबलाला पाय असतात. चार."

"सच्छिद्र टेबलाला नसतात," मी म्हणालो. माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीतलं हे सर्वांत धाडसी विधान. पहारेकऱ्यानं भांडारपालाला बोलावलं, भांडारपालानं रजिस्टर मागवलं, आणि वस्तूवर एक कप ठेवता येतो की नाही हे पाहून अखेर तिघांनी मिळून तिला टेबल ठरवलं. कप पहारेकऱ्याचा होता. घरी जाऊन हे सगळं आत्याला रंगवून सांगायचं असं मी ठरवलं होतं. पण घरी पोचेपर्यंत वेगळंच लचांड उभं राहिलं.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. बोर्ड लिफ्टमध्ये मावेना, म्हणून चार हमालांनी तो जिन्यानं उचलला, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो असा अडकला, की वरही जाईना आणि खालीही येईना. ते वळण नेमकं सोसायटीच्या सेक्रेटरींच्या दारासमोर. सेक्रेटरी म्हणजे इमारतीतल्या पायपुसण्यांच्या रंगाबद्दलही परिपत्रक काढणारे गृहस्थ. पुढचे दोन दिवस ते घराबाहेर पडताना पोट आत घेऊन आडवे निघत आणि निघता निघता माझ्या नावाचं एक पत्र बोर्डाच्या भोकात खोचून जात. पत्रातला मजकूर 'सामायिक मार्गातील यंत्रसामग्रीबाबत' असे.

जाता येता प्रत्येक जण सल्ला देऊन गेला. कठडा कापा. बोर्ड कापा. जिन्याला तेल लावा. चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "राहू दे ना तिथंच, छत्र्या ठेवायला बरं पडतं." खरोखरच दुसऱ्या दिवशी भोकांमध्ये तीन छत्र्या लटकत होत्या. अखेर आत्या खाली आली. तिनं बोर्डाच्या मागची एक फळी चाचपली, दोन खटके ओढले आणि बोर्डाचे दोन सरळ तुकडे केले. "आम्ही जागा बदलली तेव्हा असाच नेला होता," ती म्हणाली.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठं?"

तेरा दिवस उरले होते.

स्टुडिओसाठी आतली लहान खोली ठरली. तिथले कपडे, गाद्या आणि बायकोचं शिवणाचं मशीन बाहेरच्या खोलीत आलं आणि आम्ही उभ्यानं जेवू लागलो. भिंतींना गाद्या लावल्या. वायरींचं काम तळमजल्यावरच्या वायरमनकाकांकडे गेलं. हे गृहस्थ निवृत्त असून जगातल्या सगळ्या दुःखाचं मूळ अर्थिंगमध्ये आहे, असं त्यांचं ठाम मत आहे. त्यांच्या मुलाचं लग्न मोडलं तेव्हाही ते या मतापासून ढळले नव्हते.

मी बाजारातून स्टुडिओत वापरतात तसल्या नव्या, जाडजूड कॉर्ड आणल्या. त्यांचे प्लग बोर्डाच्या जुन्या भोकांत बसतात का, ही धाकधूक होती. जरा जोर लावल्यावर ते घट्ट बसले. मला इतका आनंद झाला, की मी बायकोला बोलावून सहा वेळा प्लग घालून काढून दाखवला. आत्या दारात उभी होती. "आमचे नाजूक असायचे," ती म्हणाली. मी म्हटलं, "हे जास्त मजबूत आहेत." ती नंतर म्हणाली, "काम झालं की जरा बस माझ्याजवळ."

"हो, हे एवढं डाग देऊन झालं की आलोच."

डाग देणं, म्हणजे वायरींचं सोल्डरिंग, रात्रीच्या जेवणापर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशीही ती तसंच म्हणाली, आणि मीही तसंच म्हणालो. खरं सांगायचं तर हातात कढतं हत्यार असलं की मला बरं वाटायचं. वायर कुठून निघून कुठं जाते हे कळतं. आत्यासमोर बसलं की मला काहीच कळत नसे. तिच्या गळ्याकडे बघायचं नाही असं ठरवून मी तिच्या गळ्याकडेच बघत राहायचो.

मग गुणगुण सुरू झाली. माइक लावला की रेकॉर्डरमध्ये एक बारीक, अखंड, मधमाशीसारखा आवाज यायचा. वायरमनकाका म्हणाले, अर्थिंग हवं. अर्थिंग दिलं, गुणगुण वाढली. काका म्हणाले, अर्थिंग जास्त झालं. काढलं, तर गुणगुणीत कुणीतरी बातम्या देऊ लागलं. पाच दिवस आम्ही दोघं त्या आवाजाच्या मागं लागलो होतो. काकांनी एकदा मला चप्पल काढायला लावली, एकदा घालायला लावली. सहाव्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "आता सरळ मुख्य पेटीतूनच घेऊ," आणि त्यांनी काय घेतलं ते अजून समजलेलं नाही, पण एक टपोरा आवाज झाला आणि सगळ्या इमारतीची वीज गेली.

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली. आत सेक्रेटरी होते.

मी आणि काका खाली पेटीपाशी. वरून सेक्रेटरींच्या हाका ऐकू येत होत्या, सुरुवातीला नियमांच्या भाषेत आणि मग हळूहळू तशा नव्हेत. बंद जागेची त्यांना भीती वाटते हे आम्हाला त्या दिवशी कळलं. काही वेळानं हाका थांबल्या. मला वाटलं, माणूस गेला. घामाघूम होऊन आम्ही फ्यूज बसवला, लिफ्ट वर गेली आणि सेक्रेटरी बाहेर आले. आता माझं सामान रस्त्यावर येणार, हे मी गृहीत धरलं होतं.

सेक्रेटरींनी माझे दोन्ही हात धरले. "काय आवाज आहे हो तुमच्या आत्याचा!"

झालं होतं असं, की आत्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या जाळीशी स्टूल टाकून बसली आणि वीस मिनिटं त्यांच्याशी बोलत राहिली. आधी ऑपरेटरच्या आवाजात, "लाइन चालू आहे, मी इथंच आहे, ठेवू नका." मग कारखान्यातले किस्से. एका साहेबानं रागानं फोन आपटला आणि त्या धक्क्यात लाइन तिसऱ्याच माणसाला लागून त्याचं लग्न कसं जमलं. भोंगा वाजल्यावर एकाच वेळी चाळीस दिवे लागायचे तेव्हा ती ओठांत गाणं कसं म्हणायची. तिनं ते गाणंही म्हणून दाखवलं. सेक्रेटरी सांगत होते आणि मला यातला एकही किस्सा माहीत नव्हता.

"तुम्ही ते रेकॉर्ड केलंत ना?" सेक्रेटरींनी विचारलं.

मी हातातल्या पकडीकडे बघत राहिलो.  पंधरा दिवसांत ती सलग वीस मिनिटं बोलली ती एकदाच, आणि तेव्हा मी तिच्या रेकॉर्डिंगची सोय करत होतो. मला भयंकर लाज वाटली. तरीही मी आत गेलो ते तिच्याजवळ बसायला नव्हे, गुणगुण थांबली का ते बघायला. थांबली होती. का थांबली ते काकांनाही माहीत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली. 'आज दुपारी दोन ते चार पंप, मिक्सर, शिकवण्या व वादावादी बंद. ध्वनिमुद्रण आहे.' खाली सेक्रेटरींची सही. दोन वाजता इमारत अशी शांत झाली, की चौथ्या मजल्यावरच्या आजींचं घड्याळ आम्हाला ऐकू येत होतं.

आत्या इस्त्रीची साडी नेसून बोर्डासमोर बसली. मी बाहेरच्या बोळात, हेडफोन लावून, गुडघ्यावर रेकॉर्डर. माझ्या तोंडापुढेही एक माइक होता, प्रश्न विचारायला. त्यासाठी मी तीन पानं प्रश्न लिहून काढले होते, उपप्रश्नांसकट. आत्यानं माझ्या नव्या कॉर्ड बाजूला सारल्या आणि बोर्डाबरोबर आलेली स्वतःची जुनी कॉर्ड उचलली. "हाताला हीच कळते," ती म्हणाली आणि न बघता प्लग बसवला.

"बोला," तिचा आवाज माझ्या कानात आला. अगदी स्वच्छ.

"आत्या, प्रश्न पहिला. आपण नोकरीस कधी लागलात?"

"हे तुला माहीत आहे."

"हो, पण रेकॉर्डिंगसाठी."

ती मग म्हणाली, "अरे, एकतीस वर्षं या खुर्चीत मी बोलले किती? 'बोला' आणि 'जोडते'. बाकी सगळं ऐकलंच. इथं बसून मला दुसरं येत नाही. दहा-बारा दिवस तुला म्हणतेय, जरा बस. आता बसलायस, मध्ये भिंत आहे, माझं तोंडही दिसत नाही तुला. तू बोल."

"मी काय बोलू?"

"लाइन चालू आहे."

मी प्रश्नांची पानं चाळली. एकातही हे नव्हतं. आणि मग, काय झालं ठाऊक नाही, माझ्या तोंडून निघालं, "आत्या, मला फार भीती वाटतेय."

"हं. बोल."

मी बोललो. बाबाही त्याच कारखान्यात होते; ते गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. शाळा सुटली की कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून मी कारखान्यात फोन लावायचो आणि म्हणायचो, बाबांच्या खात्यात जोडा. बाबा नाहीत हे मला माहीत होतं. आत्यालाही माहीत होतं. ती म्हणायची, "जोडते, थांबा हं," आणि जोडायची नाही. लाइन तशीच धरून ठेवायची. मध्येच म्हणायची, "आहात ना?" मी म्हणायचो, "आहे." पाच-सात मिनिटांनी म्हणायची, "आज लागत नाही, उद्या करा." लाइन अडवणाऱ्या मोठमोठ्या साहेबांना दटावणारी ही बाई वर्षभर रोज एक लाइन माझ्यासाठी अडवून बसायची. यावर आम्ही चाळीस वर्षांत एक अक्षर बोललो नव्हतो. त्या दुपारी बोललो. ती मध्ये मध्ये 'हं' म्हणत होती, एकदा हसली, एकदा बराच वेळ काही म्हणाली, ते मी इथं सांगणार नाही. लिफ्टपाशी माझ्या हातून हुकलेल्या वीस मिनिटांची ती भरपाई होती एवढं पुरे.

चार वाजता पंप सुरू झाला. मी डोळे पुसून रेकॉर्डरकडे पाहिलं. त्याला दोन काटे आहेत, एक तिच्या आवाजाचा, एक माझ्या. इतके दिवस मी त्या काट्यांशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं, आणि त्या दोन तासांत एकदाही पाहिलं नव्हतं.

आत्याचा काटा शून्यावर होता.

वायरमनकाकांनी बोर्ड मागून उघडला आणि पहिल्यांदाच अर्थिंगचं नाव काढलं नाही. टेलिफोनचा जुना प्लग नव्यापेक्षा टोकाला केसभर बारीक असतो. माझे जाड प्लग दहा-बारा दिवस घालून काढून मी रेकॉर्डरकडे जाणाऱ्या भोकातली पितळी पट्टी फाकवून ठेवली होती. नवी कॉर्ड तिला टेकायची. आत्याची टेकली नाही. माझ्या हेडफोनची वायर वेगळी होती म्हणून मला ती ऐकू येत होती. दोन तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये फक्त मी होतो. मी बोलतो, थांबतो, हसतो, पुन्हा थांबतो, 'हो ना' म्हणतो, रडतो. मधल्या जागा कोऱ्या.

बायकोनं या वेळी चष्माही पुसला नाही. सकाळी सातला दवाखान्यात पोचायचं होतं. मला आत्याला सांगायचा धीर झाला नाही.

ऑपरेशन नीट झालं. नवव्या दिवशी नळी काढल्यावर आत्या उशीला टेकून बसली आणि तिनं पाटीवर लिहिलं, 'ऐकव.'

मी सगळं सांगितलं. जाड प्लग, फाकलेली पट्टी, काटा, सगळं. माझा आवाज इतका चिरकला, की शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी पाणी पुढं केलं. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि पाटी पुसून लिहिलं, 'तुझा आलाय ना?'

"माझाच आलाय."

तिनं हात पुढं केला. मी तिच्या कानांवर हेडफोन चढवला आणि रेकॉर्डर चालू केला. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी नुसता तिच्याकडे बघत होतो, आणि या वेळी मी गळ्याकडे बघितलं नाही. ती डोळे मिटून ऐकत होती. मग तिचे ओठ हलले. मिटले, थांबले, पुन्हा हलले. मी कुठपर्यंत बोलून थांबलोय, ते मला तिच्या ओठांवरून कळत होतं. कोऱ्या जागा आल्या, की ती आपलं म्हणणं म्हणत होती. शब्दाला शब्द, त्या दुपारी म्हणाली होती तसंच, तीच 'हं', तिथंच हसणं. माझ्या कानाला सगळं ऐकू आलं.

मग ती मोठी कोरी जागा आली. ती बराच वेळ ओठांनी सांगत राहिली आणि शेवटी भुवई उंचावून थांबली.

"हो आत्या," मी मोठ्यानं म्हणालो, "आहे. इथंच आहे."

तिनं डोळे उघडले, रेकॉर्डरमधल्या मला तसंच बोलत ठेवून एका कानावरचा हेडफोन उचलला, आणि बोटानं खूण केली, पुन्हा म्हण.